पूररेषेवरची थरारकथा

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण काठोकाठ भरलं की ते आपोआप उघडतात. कुणी कळ दाबत नाही, कुणी हुकूम काढत नाही. एका दरवाज्यातून सेकंदाला 1,428 घनफूट पाणी भोगावती नदीत उतरतं. कितव्या क्रमांकाचा दरवाजा उघडला ही बातमी जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात घरोघरी पोचते आणि मग सगळ्यांचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडे लागतं. 39 फुटांवर इशारा पातळी, 43 फुटांवर धोका पातळी. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पंचगंगा पात्राबाहेर पडली की प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतली माणसं जनावरांची दावी सोडून वरच्या अंगाला निघतात. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं की शहराचा पुण्या-बेंगळुरूशी संबंध तुटतो. 2019 च्या ऑगस्टात पाणी 55 फुटांच्या वर गेलं. दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैत, ते त्याच्याही वर गेलं.

थरारकथेला जे लागतं ते सगळं इथे आयतं आहे. तासागणिक चढणारा आकडा आहे, कुणाच्या हातात नसलेला दरवाजा आहे. वरचं धरण रिकामं केलं तर कोण बुडणार आणि भरू दिलं तर कोण, असा जीवघेणा पेच आहे. हे सगळं घेऊन रात्रभर जागवणारी मराठी कादंबरी मात्र अजून लिहिली गेलेली नाही असं माझं मत आहे. आणि ती वाचायला वाचक तयार बसला आहे, हेही.

वाचक तयार आहे असं म्हणायला जगभरातली उदाहरणं पाहावीत. फ्रांक शेट्झिंग या जर्मन लेखकाची ‘द स्वॉर्म’ ही कादंबरी 2004 मध्ये आली. समुद्रच माणसावर उलटतो, अशी तिची कल्पना. जाडजूड आणि शास्त्रीय तपशिलांनी ठासून भरलेली असूनही ती जर्मनीत प्रचंड खपली. झाडं वाचवायला निघालेल्या माणसांवरच्या रिचर्ड पॉवर्स यांच्या ‘द ओव्हरस्टोरी’ला 2019 मध्ये पुलित्झर मिळालं. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची 2020 मधली ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ तर उत्तर प्रदेशातल्या एका भीषण उष्णतेच्या लाटेनं सुरू होते. बुकर मिळवलेल्या एलिनॉर कॅटन या न्यूझीलंडच्या लेखिकेनं 2023 मध्ये चक्क थरारकथा लिहिली, ‘बर्नम वूड’. पडीक जमिनीवर भाजी पिकवणाऱ्या तरुणांची आणि त्याच जमिनीवर डोळा ठेवणाऱ्या अब्जाधीशाची. आणि इतकं लांब जायचंही कारण नाही. केरळच्या महापुरावरचा ‘2018’ हा मल्याळम चित्रपट 2023 मध्ये आला, तेव्हा ज्यांची घरं त्या पाण्यात गेली होती त्याच लोकांनी चित्रपटगृहं भरवली. शेवट माहीत असलेली गोष्ट लोक श्वास रोखून पाहत होते.

असं का व्हावं? पर्यावरणाचे अहवाल लोकांना कळत नाहीत असं मला वाटत नाही. पण अहवाल सांगतो काय झालं आणि किती झालं. आपल्या गल्लीत पाणी आलं त्या रात्री कुणी काय ठरवलं, कुणाला काय ठाऊक होतं, कुणी काय दडवलं, हे तो सांगत नाही. ज्याच्या घरात कमरेइतकं पाणी उभं राहिलं त्याला हेच जाणून घ्यायचं असतं. थरारकथेचा कणा हाच प्रश्न असतो.

अमिताव घोष यांनी 2016 मधल्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या पुस्तकात गंभीर कादंबरीकारांना खडे बोल सुनावले आहेत. 1978 च्या मार्चमध्ये दिल्लीत त्यांना स्वतःला एका टॉर्नेडोनं गाठलं होतं, पण तो प्रसंग ते कधी कादंबरीत आणू शकले नाहीत. इतकी अशक्य वाटणारी घटना घातली तर वाचक विश्वास ठेवणार नाही, ही भीती. गंभीर कादंबरी शक्यतेच्या चौकटीत अडकली आणि म्हणून हवामानाचं संकट तिनं विज्ञानकथेकडे, अद्भुतकथेकडे आणि भयकथेकडे ढकललं, असं त्यांचं म्हणणं. कोल्हापूरच्या लेखकाला मात्र ही सबब उरलेली नाही. 2005, 2019, 2021. सोळा वर्षांत तीन महापूर आले. इथे महापूर कथेत घातला तर त्याला अशक्य म्हणणारा वाचक सापडणार नाही.

मराठीत या वाटेवरचं सुरुवातीचं एक पाऊल कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाचं आहे, हे फार लोकांच्या लक्षात नसतं. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म 19 जुलै 1938 चा, कोल्हापूरचा. ‘कृष्णविवर’ ही त्यांची पहिली विज्ञानकथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली आणि तिला बक्षीस मिळालं. पण इथे मला त्यांची दुसरी एक कथा आठवते, हिमयुगाची. एका सकाळी मुंबई बर्फानं झाकलेली दिसते. हे होणार असं एका भारतीय शास्त्रज्ञानं आधीच सांगितलेलं असतं आणि त्याचं कुणी ऐकलेलं नसतं. ज्वालामुखीची धूळ सूर्यप्रकाश अडवते, थंडी वाढत जाते, आणि शेवटी वातावरणात अग्निबाणांनी सूक्ष्म कण पसरवून पृथ्वी पुन्हा तापवायची धडपड सुरू होते.

या कथेचं मूळ नारळीकरांच्या गुरूपर्यंत जातं. केंब्रिजमधले त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉइल यांनी 1957 मध्येच ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी लिहिली होती. अवकाशातून आलेला एक ढग सूर्याला झाकतो, अशी. पुढे 1981 मध्ये त्यांनी हिमयुगाच्या शक्यतेवर स्वतंत्र पुस्तकही लिहिलं. गुरू-शिष्य दोघेही खगोलशास्त्रज्ञ, आणि दोघांनाही वाटलं की काही गोष्टी शोधनिबंधात सांगून भागत नाही. आज जगातले शास्त्रज्ञ खरोखरच वातावरणात कण फवारून पृथ्वी थंड करता येईल का, यावर वाद घालताहेत. नारळीकरांच्या कथेत हेच उलट्या दिशेनं घडतं. मे 2025 मध्ये नारळीकर गेले, तेव्हा त्यांच्या विज्ञानावर पुष्कळ लिहून आलं. त्यांनी हवामानाच्या संकटाला थरारकथेचा आकार दिला होता, याचीही आठवण त्या वेळी व्हायला हवी होती.

कोल्हापूरचा दुसरा वारसा निखळ थराराचा आहे. बाबा कदम इथलेच. व्यवसायानं सरकारी वकील. कोर्टात रोज दिसणारा गुन्हा, त्यामागची माणसं, रान आणि शिकार यांची त्यांना सवय होती. त्यांच्या कादंबऱ्यांनी वाचनालयांची कपाटं भरली आणि एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवर त्या हातोहात गेल्या. ‘भालू’वर चित्रपटही निघाला. या कादंबऱ्यांना समीक्षकांनी कधी हात लावला नाही. पण गुन्ह्याचा तपास पानापानानं कसा उलगडायचा, हे शिकवणारी ती पाठशाळा होती. पुढच्या पिढीत मराठी वाचकाला हीच चटक रॉबिन कुक आणि मायकेल क्रायटन यांच्या भाषांतरांनी लावली. ती भाषांतरं मोठ्या प्रमाणावर काढणाऱ्या मेहता पब्लिशिंग हाऊसची मुळंही कोल्हापूरच्या पुस्तक व्यवसायातली. कुकच्या कादंबरीत औषध कंपनी, दवाखाना आणि पैसा यांची साखळी वाचक एकेक कडी करत शोधतो. तसं वाचायची सवय ज्या वाचकाला लागली, त्याला नदीच्या प्रदूषणाची साखळी शोधणारी कादंबरी अवघड का वाटावी?

पंचगंगेच्या काठी तर ही साखळी डोळ्यांसमोर आहे. शहराचं सांडपाणी, साखर कारखाने, इचलकरंजीतली कापडाची प्रोसेस हाऊस, आणि शेवटी तेरवाड बंधाऱ्यावर वर्षानुवर्षं दिसणारा मेलेल्या माशांचा खच. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं मेली. पिण्याच्या पाण्यातून घराघरात शिरलेला हा मृत्यू होता. कुठल्या नळातून, कुठल्या वाहिनीतून, कुणाच्या डोळ्यांदेखत? वर्तमानपत्रांनी आपलं काम केलं. पण वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. काविळीनं माणूस गेलेल्या घराची बाजू मांडत तपास करणारी एक कादंबरी असती, तर ती पंधरा वर्षांनीही कुणीतरी वाचनालयातून मागून नेली असती.

आता तिसरा वारसा, आणि तो सर्वांत मोलाचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेर्ल्याचे विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ 1991 मध्ये आली आणि 1992 मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणात बुडणारं गाव, जमिनीच्या बदल्यात मिळणारं आश्वासन, नोटिसा, पंचनामे, दलाल, आणि या सगळ्याशी झगडणारे खैरमोडे गुरुजी. लेखक स्वतः महसूल खात्यातला अधिकारी, त्यामुळे कागद माणसाला कसा गिळतो हे त्यांना आतून ठाऊक होतं. ‘झाडाझडती’ला कुणी थरारकथा म्हणणार नाही. पण गाव बुडायच्या आत न्याय मिळेल का, ही टांगती तलवार तिच्यात अखेरपर्यंत आहे, आणि म्हणूनच तिच्यासारखी जाड कादंबरी सामान्य वाचकानं सोडली नाही.

याच वारशातल्या कृष्णात खोत यांच्याजवळ मला जास्त वेळ थांबायचं आहे. खोत पन्हाळा तालुक्यातले. ‘गावठाण’, ‘रौंदाळा’, ‘झड-झिंबड’, ‘धूळमाती’ अशा कादंबऱ्यांनंतर आलेल्या त्यांच्या ‘रिंगाण’ला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘झड-झिंबड’मध्ये पाऊस थांबतच नाही. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या माणसाला आषाढातली झड माहीत असते. भिंती ओलावतात, सरपण संपतं, गोठ्यातलं जनावर आजारी पडतं, माणसं एकमेकांवर चिडू लागतात. खोत त्या पावसाला गोष्टीतलं एक पात्र करतात. त्याचा हेतू कळत नाही, म्हणून तो अधिक भयंकर वाटतो.

‘रिंगाण’ची गोष्ट सांगायला दोन ओळी पुरतात. धरणामुळे उठवलेल्या गावातला एक माणूस, मागे रानात सुटलेली म्हैस परत आणायला जुन्या ओसाड गावाकडे जातो. पण मधल्या काळात ती म्हैस गोठ्यातली राहिलेली नसते, रानटी झालेली असते. पुढे जे घडतं तो माणूस आणि जनावर यांच्यातला उघडा झगडा आहे. माग काढणं, वाऱ्याचा अंदाज, झाडावर चढून काढलेली रात्र, एका पावलावरून केलेला हिशेब, हे सगळं शिकारकथेचं सामान आहे. वाचताना छाती धडधडते. पण बाबा कदमांच्या शिकारीतला शिकारी आणि खोतांचा माणूस यांत मोठं अंतर आहे. हा माणूस जनावराचा माग काढता काढता स्वतःचाच माग काढतो आहे. म्हैस रानटी झाली, ती त्याच्यासारखीच उठवली गेली म्हणून. दोघांचाही अपराधी तिसराच कुणी आहे आणि तो त्या रानात नाहीच. हे वाचकाला हळूहळू उमगत जातं. जगातली चांगली पर्यावरण-थरारकथा हेच करते.

या बाजूला आणखी एक नाव घ्यायलाच हवं, व्यंकटेश माडगूळकरांचं. वानरांच्या टोळ्यांच्या झगड्यावरचं ‘सत्तांतर’ 1982 चं, 1983 मध्ये अकादमी पुरस्कार मिळवणारं. माणसांचा फारसा वावर नसलेल्या त्या गोष्टीत हद्द, पाणी, अन्न आणि वंश यांसाठीचा संघर्ष असा रंगतो की पुस्तक खाली ठेववत नाही. जंगलातल्या थराराला बंदूक लागत नाही, हे माडगूळकरांनी फार आधी दाखवून दिलं.

आणि जंगल आता कोल्हापूरपासून लांब राहिलेलं नाही. दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य 1958 चं, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी. आज ते राधानगरी अभयारण्य म्हणून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. युनेस्कोनं ती यादी 2012 मध्ये जाहीर केली. त्याच दाजीपूरच्या परिसरात बॉक्साइट आहे आणि बॉक्साइट काढण्याचा वादही. आजरा-चंदगडात कर्नाटकातून आलेले हत्ती उसाच्या फडात उतरतात. 2021 च्या डिसेंबरात गवे कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आले होते. गवा शहरात का आला, हा प्रश्न कादंबरीचा आहे. त्याच्या उत्तरात खाण आहे, रस्ता आहे, ऊस आहे, आटलेला पाणवठा आहे आणि आपण सगळे आहोत.

इथेच थरारकथेची खरी अडचण सुरू होते आणि मला ती मोकळेपणानं मांडायची आहे. रहस्यकथेला गुन्हेगार लागतो. शेवटच्या प्रकरणात एका माणसाकडे बोट दाखवायचं असतं. 2019 च्या पुरात बोट कुणाकडे दाखवायचं? पुराची कारणं तपासणाऱ्या, नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं 2020 मध्ये अहवाल दिला. तिनं कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला दोषी धरलं नाही, थोड्या दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस आणि पूरपट्ट्यातली अतिक्रमणं यांच्याकडे लक्ष वेधलं. शिरोळ तालुक्यातल्या अनेकांना ते पटलेलं नाही. अलमट्टीची पाणीपातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत वाढवायची कर्नाटकची तयारी असल्यानं तिथला राग 2025 मध्येही रस्त्यावर उतरला. रस्त्यांचे आणि पुलांचे उंच भराव, नदीकाठच्या इमारती, धरणं भरून ठेवण्याची घाई, तापलेल्या समुद्रावरून येणारी वाढीव वाफ. संशयितांची यादी संपत नाही. यातल्या एकालाच खलनायक करून बाकीच्यांना सोडून देणारी कादंबरी वाचायला गोड लागेल, पण ती खोटी असेल.

थरारकथा खोटं किती प्रभावीपणे सांगू शकते, याचं उदाहरण खुद्द क्रायटननंच घालून दिलं आहे. 2004 मधल्या ‘स्टेट ऑफ फिअर’मध्ये त्यानं पर्यावरणवाद्यांनाच दहशतवादी केलं आणि हवामान बदल हा बनाव असल्याचं सुचवलं. तक्ते, तळटीपा, आकडे सगळं होतं, म्हणून पुष्कळ वाचकांना ते खरं वाटलं. कसलेला लेखक असला की असं नुकसान दहापट होतं. म्हणून आपल्याकडे ही कादंबरी लिहिणाऱ्यानं आकड्यांशी प्रामाणिक राहिलंच पाहिजे. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट पाणी होतं, हे हजारो लोकांना आठवतं. तिथे फेकलेला आकडा लगेच उघडा पडेल.

एका गुन्हेगारावाचून थरार उभा राहू शकतो, हे खोतांनी आणि विश्वास पाटलांनी सिद्ध केलं आहे. त्याला लागतो तो निर्णयाचा क्षण. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचं पाणी दत्तमंदिरात चढतं, उत्तरेच्या दारानं शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्याला भाविक स्नानासाठी गर्दी करतात. त्याच पाण्यापायी काही मैलांवर एखादी बाई गोठ्यातल्या म्हशीचं दावं सोडायचं की अजून एक तास थांबायचं, हे ठरवत असते. नावेत आधी म्हातारी बसवायची की लेकरू, हे कुणीतरी ठरवतं. 2019 मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसं घेऊन निघालेली बोट उलटली. त्या दिवशीचे असे निर्णय त्या गावाला आयुष्यभर पुरतील. हे लिहायला जंगी कटकारस्थान लागत नाही.

मग ही कादंबरी आपल्याकडे का नाही? मला त्याचं कारण वाचनालयाच्या कपाटांतच दिसतं. रहस्यकथा एका कपाटात, ‘साहित्य’ दुसऱ्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, पण पुरस्काराच्या यादीत त्यांचं नाव कुणी धरलं नाही; आणि पुरस्कार मिळालेल्या कादंबरीत उत्कंठा असली तर तिची चर्चा करायला समीक्षक संकोचतात. ‘रिंगाण’वर झालेलं बहुतेक बोलणं विस्थापनावर झालं. ती वाचताना घाम फुटतो, हे फारसं कुणी म्हटलं नाही. वाचकाला मात्र दोन कपाटांशी देणंघेणं नसतं. तो कुक वाचतो आणि ‘झाडाझडती’ही वाचतो. तरुण लेखकानं या दोन्ही वाटा एकत्र आणल्या तर वाचक त्याच्यामागे येईल, याची मला खात्री आहे. दिवाळी अंकांनी हे पूर्वी केलं आहे. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’नं गूढ आणि अद्भुत कथेला मानाची जागा दिली, आणि अनेक चांगल्या लेखकांनी ती निःसंकोच घेतली.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे: पुढच्या वर्षीच्या अंकासाठी निदान एक तरी दीर्घ कथा अशी मागवा, जिच्यात नदी, खाण किंवा रान यांचा तपास असेल आणि जी पहिल्या पानापासून पकड घेईल. शिरोळ, कागल, चंदगड, इचलकरंजीतल्या लिहित्या मुलामुलींना सांगणं असं, की तुमच्याकडे जे आहे ते शेट्झिंगकडे नव्हतं. पुराची आठवण असलेली माणसं अजून तुमच्या घरात आहेत, त्यांच्याशी आत्ताच बोलून घ्या. आणि वाचकहो, करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून या शहरात उभं आहे. तिथे किंवा तुमच्या गावच्या वाचनालयात जाऊन ‘रिंगाण’ आणि ‘झड-झिंबड’ मागा. कपाटात नसतील तर मागणीवहीत लिहा. मागणी आली की वाचनालय पुस्तक घेतं, आणि पुस्तक गेलं की प्रकाशक पुढच्या लेखकाला हो म्हणतो.